डेकखालचं पाणी

देवबागात एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. मध्ये माड, घरं आणि एक रस्ता. मेअखेरीस दर्या खवळायला लागला की डॉल्फिन दाखवणाऱ्या, त्सुनामी बेटावर नेणाऱ्या फायबरच्या होड्या वर ओढतात आणि माडाखाली शाकारून ठेवतात. फायबरचं काम करणाऱ्या कारागिरांचा हंगाम तेव्हा सुरू होतो. अशाच एका कारागिराच्या मांडवात १८ फुटांची होडी आली होती. मालकाची तक्रार होडीबद्दल नव्हतीच, इंजिनाबद्दल होती. ४० हॉर्सपॉवरचं मशीन पूर्वीसारखं उचलत नाही, होडी मागून बसते, पेट्रोल जास्त जातं. कार्बोरेटर साफ करून झाला होता, पंखा बदलून झाला होता. होडीत पाणी म्हणाल तर थेंब दिसत नव्हता.

कारागिराने इंजिनावरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. होडी वर ओढायला किती माणसं लागली, एवढंच विचारलं.

"पयले आठजण ओढीत. औंदा बारा लागले, काकानू."

"मगे मशीन काय करतला? चार माणसांचा वजन खंयसून इला, ता शोधूक व्हया."

मग त्याने डेकच्या मधोमध ड्रिलने बोटभर भोक पाडलं. ड्रिलच्या पात्याबरोबर फोमचा पिवळसर भुगा वर आला. कोरडा फोम चुरला की पुडीसारखा उडतो. हा बोटांना चिकटत होता. त्याने तो चिमटीत दाबला आणि पाणी मनगटापर्यंत ओघळलं. नाळेकडे पाडलेल्या दुसऱ्या भोकातून कोरडा भुगा आला, इंजिनाजवळच्या तिसऱ्यातून निव्वळ चिखल. होडी गळत होती, बरीच वर्षं गळत होती. पाणी दिसत नव्हतं, कारण ते दिसावं अशी सोयच तिच्यात नव्हती.

लाकडी होडीत पाणी लपत नसे. वर्षभर कोरडी पडलेली होडी पाण्यात घातली की पहिले दोन दिवस फळ्यांच्या सांध्यांतून पाणी यायचंच. मग लाकूड फुगायचं, सांधे आवळायचे आणि गळती थांबायची. उरलेलं पाणी तळाशी, पायाला लागेल असं. एक पोरगा डबा घेऊन उपसायला बसवला की झालं. लाकडी होडीच्या कष्टांची मला हौस नाही, आणि फायबर आलं म्हणून कोकणातल्या कितीतरी घरांची दरवर्षीची डागडुजी सुटली हेही खरं. पण फायबरच्या होडीला तळावर दुसरी सपाट जमीन आली, म्हणजे डेक. त्यावर पर्यटक चपला घालून उभे राहतात, खुर्च्या मांडता येतात. डेक आणि तळ यांच्यामधली पोकळी मात्र नजरेआड गेली. छोट्या आउटबोर्ड होडीचे बहुतेक सगळे रोग त्या पोकळीत जन्मतात.

त्या पोकळीत दोन वेगळ्या कामांची गल्लत होते. एक काम निचऱ्याचं: आलेलं पाणी बाहेर जावं. दुसरं तरंगण्याचं: पाणी बाहेर गेलंच नाही, होडी काठोकाठ भरली, तरी ती बुडू नये. पहिल्यासाठी वाट मोकळी हवी, दुसऱ्यासाठी जागा भरलेली हवी. अनेक होड्यांत दुसऱ्या कामासाठी ओतलेला फोमच पहिल्या कामाची वाट बुजवून बसतो.

आधी निचरा. होडीच्या मागच्या उभ्या फळ्यात, ज्यावर इंजिन टांगतात त्या ट्रान्समच्या तळाला, एक भोक असतं आणि त्याला बूच असतं. होडी किनाऱ्यावर असेल तेव्हा बूच काढायचं, पाण्यात घालताना लावायचं. यात समजण्यासारखं काहीच नाही, म्हणूनच ते विसरलं जातं. जगातल्या कुठल्याही जेटीवर विचारा, बूच न लावता होडी पाण्यात घातल्याचा किस्सा कुणीतरी हसत हसत सांगतो. हिशेब मात्र हसण्यासारखा नाही. भोक एक इंचाचं आणि पाण्याच्या पातळीखाली २० सेंटिमीटर धरलं, तर मिनिटाला साधारण ३५ लिटर पाणी आत येतं. दहा मिनिटांत साडेतीनशे लिटर, म्हणजे पाच धट्टीकट्टी माणसं फुकट होडीत बसल्यासारखी. आणि बूच लागेपर्यंत ते थांबत नाही.

"पंप आहे की," असं मालक म्हणतात. छोट्या होड्यांत बहुधा ५०० गॅलनचा बिल्ज पंप असतो. ५०० अमेरिकन गॅलन म्हणजे तासाला सुमारे १,९०० लिटर, मिनिटाला ३१-३२ लिटर. पण हा आकडा पंप पाणी वर न चढवता सोडतो तेव्हाचा. होडीत त्याला ते मीटरभर वर चढवून कडेच्या भोकातून बाहेर टाकायचं असतं, तेही बहुतेकदा वळ्यावळ्यांच्या पाइपातून, अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर. निम्मं पाणी निघालं तरी पुष्कळ. निसटलेल्या एका बुचासमोर हा पंप हरतो. पंप हे पावसाचं, शिंतोड्यांचं आणि झिरपीचं पाणी काढायचं साधन आहे. त्याला बुचाची जागा घेता येत नाही.

पंपाचे स्वतःचे रोगही ठरलेले. आतल्या पंख्याला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळतो. आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच खवल्यांच्या चिकट थरात अडकून एकतर वर येत नाही किंवा खाली जात नाही. वर अडकला तर रात्रभर बॅटरी खातो. वायरचे सांधे साध्या टेपने बांधलेले असतील तर खारं पाणी ते वर्षभरात हिरवे करतं. आणखी एक भानगड उशिरा कळते. पंपाचं बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जेमतेम वर असेल, तर भरलेली होडी थोडी कलली की ते पाण्याखाली जातं, आणि त्याच पाइपातून पाणी उलटं आत यायला लागतं. पाइपाला कडेच्या काठापर्यंत वर चढवून मग खाली वळण दिलं की हे टळतं. पाच मिनिटांचं काम.

निदानाकडे वळायचं तर कारागिरांची रीत मला फार पटली. पाणी कुठून येतं हा प्रश्न ते आधी विचारत नाहीत. पाणी केव्हा येतं, हे विचारतात.

होडी नुसती नांगरावर उभी असताना येत असेल तर भोक पातळीखाली आहे: बूच, बुचाची नळी, तळाची चीर. ट्रान्सममधून आरपार जाणारी पितळी नळी दोन्ही टोकांना वाकवून बसवलेली असते. तिची वाकवलेली कड झिजते, मागची रबरी चकती वाळते, आणि बूच घट्ट असूनही पाणी नळीच्या बाहेरून आत सरकतं. मालक नवीन बूच आणतो, मग त्याहून नवीन बूच आणतो.

फक्त पळताना येत असेल तर चीर अशी आहे की जी उभ्या होडीत मिटलेली असते आणि लाटेच्या आपटीने उघडते. किंवा इंजिनाचे बोल्ट. ४० हॉर्सपॉवरचा धक्का त्या बोल्टांवर येतो, त्यांची भोकं किंचित मोठी होतात, सीलंट सुटतं. मासे दाखवणारं सोनारयंत्र बसवताना मारलेले चार स्क्रूही याच यादीतले. त्या स्क्रूंनी जेवढे ट्रान्सम कुजवले असतील तेवढे वादळांनी मोडले नसतील. ट्रान्समच्या आत बहुतेकदा प्लायवूड असतं. फायबर कुजत नाही, पण आतलं प्लायवूड कुजतं, आणि बाहेरून रंग तसाच चकचकीत राहतो. इंजिन तिरकं वर उचलून त्याच्या टोकाला धरून खाली-वर झुलवावं आणि ट्रान्समवर नजर ठेवावी. तो हलताना दिसला तर होडी पाण्यात घालूच नये.

माणसं बसल्यावरच पाणी येत असेल तर शोध वर घ्यायचा. तळ आणि वरचा भाग जिथे जोडलेला असतो तो कडेचा सांधा, त्यावरच्या रबरी पट्टीखाली दडलेला. रिकाम्या होडीत तो पाण्याच्या वितभर वर असतो. दहा माणसं बसली की लाटेच्या आवाक्यात येतो.

डेकवर पाणी साचण्याचा प्रकारही याच जातीचा. ज्या होड्यांचा डेक पाण्याच्या पातळीच्या वर असतो, त्यांत मागच्या कोपऱ्यांत निचऱ्याची भोकं ठेवतात आणि डेकवर पडलेलं पाणी आपसूक बाहेर जातं. कारखान्यातून आली तेव्हा होडी बरोबर होती. मग मालकाने टू-स्ट्रोक काढून फोर-स्ट्रोक इंजिन लावलं. तेल वाचलं, धूर गेला, पण मागे वीसेक किलो वाढले. दुसरी बॅटरी आली, तीही मागेच. पेट्रोलचा मोठा कॅन इंजिनाशेजारी. आता मागचा डेक पाण्याच्या पातळीला टेकतो, आणि ज्या भोकांनी पाणी बाहेर जायचं त्यांतूनच ते आत येतं. मालकाला वाटतं भोकं लहान आहेत, तो ती मोठी करतो! उपाय उलटा आहे. बॅटरी आणि टाकी पुढे सरकवायची, आणि भोकांना बाहेरून रबरी झडप लावायची, जी बाहेर जाणाऱ्या पाण्याला उघडते आणि आत येणाऱ्याला मिटते. झडपेत वाळूचा खडा अडकला की ती मिटत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

आणि पावसानंतर पाणी येत असेल तर ते चाखून बघायचं. खारट नसेल तर डेकवरची झाकणं, खुर्च्यांचे स्क्रू, रेलिंगची बुडं तपासायची. कोकणातला पाऊस किरकोळ समजू नये. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस इथे नवलाचा नाही. पाच मीटर लांब, दीड मीटर रुंद उघड्या होडीत तेवढ्या पावसाने साडेसातशे लिटर पाणी साचतं. म्हणून शाकारलेल्या होडीचं बूच काढलेलं हवं, नाळ थोडी उंच हवी आणि बुचाच्या भोकात पानं अडकलेली नकोत. झापांच्या भरवशावर बूच लावून ठेवलेली होडी श्रावणात टाकी होऊन बसते, आणि पाणी आत साठून तिच्या तळाला मधोमध पोट सुटतं.

गळती सापडत नसेल तर जुना आणि खात्रीचा उपाय असा: होडी जमिनीवर नीट आधार देऊन ठेवायची, बाहेरून कोरडी पुसायची, सांध्यांवर खडूची पूड फासायची आणि आत पाणी सोडायचं. आतलं पाणी बाहेर जिथे येतं तिथूनच बाहेरचं आत येतं. पूड ओली होऊन जागा दाखवते. अट एकच, पाणी वितीपेक्षा जास्त भरायचं नाही. होडी पाण्यावर बसायला बांधलेली असते, पाणी पोटात घेऊन दोन ओंडक्यांवर बसायला नाही.

आता देवबागच्या त्या होडीकडे. तिचं पाणी कुठून आलं होतं ते कारागिराने तळ उलटा केल्यावर दिसलं. मागच्या कडेला, बुचाच्या अलीकडे, वर्षानुवर्षं वाळूवर ओढून जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, घासला गेला होता आणि काचेचे धागे उघडे पडले होते. अशा धाग्यांच्या वाटेने पाणी आत चढतं. धार लागत नाही, पण थांबतही नाही. आत शिरलेलं पाणी मागे बुचाकडे यायला तळाच्या आडव्या कण्यांना छोटी भोकं ठेवलेली होती. बांधताना ओतलेल्या फोमने त्यांतली अर्धी बुजली होती, उरलेली वाळू, खवले आणि जाळ्याच्या धाग्यांनी. बूच काढल्यावर मागच्या कप्प्यातलं दोन लोटे पाणी निघायचं आणि मालकाला वाटायचं, होडी कोरडी झाली.

फोम पाणी पितो का, यावर किनाऱ्यावर वाद होतात. चांगला ओतलेला पॉलियुरेथेन फोम बंद पेशींचा असतो, त्यात पाणी सहज शिरत नाही. पण तो दोन द्रावणं मापात मिसळून, कोरड्या हवेत ओतावा लागतो. माप चुकलं, ओलसर दिवशी ओतला, तर पेशी उघड्या राहतात. आणि चांगला फोमसुद्धा वर्षानुवर्षं पाण्यात बुडून राहिला, वरून आपटत राहिला, तर हळूहळू पाणी घेतो. आपल्याकडे काही ठिकाणी फोमऐवजी थर्माकोलचे ठोकळे कोंबतात. स्वस्त, हलके, पाणीही कमी पितात. पेट्रोलची नळी गळली मात्र की थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. डेकखाली तरंगण्याची सोय आहे या समजुतीवर मालक राहतो, आणि खाली पांढरा चिकट लगदा असतो.

भिजलेल्या फोमचा तोटा दुहेरी. समजा होडीत २०० लिटर फोम आहे आणि त्यातल्या निम्म्या जागेत पाणी शिरलं. रोजच्या चालीत १०० किलो जादा ओझं. इंजिन उचलत नाही ते यामुळे. आणि होडी भरलीच, तर त्या फोमने द्यायचा आधारही १०० किलोंनी घटलेला. बिना फोमची होडी निदान हलकी तरी असते.

तरंगण्याचा हिशेब बहुतेकांना वाटतो त्याहून सोपा आहे. फायबर पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड. म्हणजे ४०० किलोंच्या फायबर होडीचं पाण्याखालचं वजन साधारण १३० किलो. त्यात इंजिन, बॅटरी, नांगर धरून ढोबळ २०० किलो. २०० लिटर कोरड्या फोमने रिकामी होडी बुडायची थांबते. माणसं गळ्यापर्यंत पाण्यात राहून कडा धरतील तर त्यांचं वजन जवळजवळ शून्य. पण घाबरलेला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात राहत नाही, तो वर चढतो, आणि चढला की त्याचं वजन होडीवर येतं. त्यासाठी आणखी तेवढाच फोम हवा.

फोम किती, याहून तो कुठे, हा प्रश्न मोठा. आपल्याकडे तो सगळा डेकखाली कोंबतात, कारण तिथे जागा असते. भरलेल्या होडीत हा फोम खालून वर ढकलतो आणि इंजिन वरून खाली दाबतं. होडी तरंगते, पण पालथी. सरळ तरंगायची असेल तर फोमचा मोठा वाटा दोन्ही कडांना, काठाच्या खाली उंचावर हवा, आणि काही मागे, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना. अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान आउटबोर्ड होड्यांना हा नियमच आहे: पाण्याने भरली तरी होडी सपाट तरंगली पाहिजे. तिथेच १९५८मध्ये रिचर्ड फिशर यांची बोस्टन व्हेलर बाजारात आली. आत-बाहेर दोन फायबरचे साचे आणि मधली सगळी जागा फोमने भरलेली. १९६१मध्ये लाइफ मासिकात त्यांची छायाचित्रं आली: फिशर होडीत बसलेले, होडी करवतीने मधोमध कापली जाते आहे, आणि नंतर ते इंजिनासह मागचा अर्धा तुकडा चालवत निघून जातात. जाहिरात म्हणून ती अजून कुणाला मागे टाकता आलेली नाही. पण त्याच पद्धतीच्या जुन्या होड्या पुढे वजनकाट्यावर चढवल्या तर कित्येक मूळ वजनापेक्षा जड भरतात, हे त्या छायाचित्रांत दिसत नाही.

आपल्याकडे जेटीवर बोलणं होतं ते लाइफ जॅकेटचं. ती हवीतच. होडी स्वतः भरल्यावर काय करेल हे कुणी विचारत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जणांचा जीव गेला. शोधपथकांना बोट सापडली ती तळाशी. वादळ कुणाच्या हातात नसतं. पण उलटलेली बोट पाण्यावर राहिली तर तिला धरून राहता येतं. तळाशी गेलेल्या बोटीचं काय धरणार?

मधल्या अवस्थेचा धोकाही कमी लेखला जातो. चार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद तळात बोटभर पाणी साचलं तरी शंभर किलो होतं. ते एका जागी बसत नाही. होडी डावीकडे कलली की सगळं डावीकडे धावतं, परातीतलं पाणी हिंदकळावं तसं, आणि कललेल्या होडीला आणखी कलवतं. खाडीच्या मुखावर, जिथे लाट मागून फुटते, तिथे याचा निकाल काही सेकंदांत लागतो. डेकखालच्या पोकळीला उभे-आडवे पडदे असतील तर पाणी धावत नाही. म्हणून मला एकच मोठी पोकळी असलेल्या होडीची जितकी भीती वाटते तितकी जुन्या, ओबडधोबड, कप्प्याकप्प्यांच्या होडीची वाटत नाही.

भिजलेला फोम वाळवता येतो का? डेकला भोकं पाडून, हीटर लावून, पंखे लावून लोकांनी प्रयत्न केले आहेत. वरचा थर वाळतो, आतलं पाणी तसंच राहतं. खरा उपाय डेक कापून सगळा फोम काढायचा. त्या मांडवात तेच झालं. ग्राइंडरने डेक तीन पट्ट्यांत कापून उचलला, खोऱ्याने फोम उपसला, ओला फोम पोत्यात भरून बाहेर रचला तेव्हा पोती उचलायला दोघे लागत होते. मालक नुसता बघत उभा होता. मग आडव्या कण्यांची भोकं मोठी करून त्यांत नळीचे तुकडे बसवले, म्हणजे पुन्हा काही बुजवणार नाही. कारागिराने नवा फोम तळाशी ओतायला नकार दिला. तळाची पोकळी रिकामी ठेवली, डेकला हाताने फिरवून उघडतील अशी तीन गोल झाकणं बसवली, आणि फोमचे ठोकळे रेझिन-मॅटमध्ये गुंडाळून दोन्ही कडांना, बाकांखाली आणि ट्रान्समच्या कोपऱ्यांत बसवले. पूर्वीपेक्षा जागा गेली, दोन पर्यटक कमी बसणार. मालकाने त्यावरून बरीच घासाघीस केली, आणि मागच्या डाव्या बाकाखालचा ठोकळा काढून घेतलाच. कारागिराने काढून दिला. मला ते आवडलं नाही, पण होडी माझी नव्हती.

चाचणी खाडीतच झाली, कंबरभर पाण्यात, भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळी. इंजिन काढून ठेवलं. त्या जागी वाळूची पोती टांगायची मालकाची कल्पना होती. कारागिराने लोखंडी वजनं मागितली. वाळू पाण्यात गेली की तिचं वजन सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतं, लोखंडाचं फार तर तेरा. इंजिन बहुतांशी ॲल्युमिनियम आणि पोलादाचं, म्हणजे या दोहोंच्या मधलं. परीक्षा कडक व्हायची तर लोखंडच बरं. मग बूच काढलं आणि होडी भरू दिली. काठ पाण्याबरोबर आला तसे चौघे आत बसले. नाळ वितभर वर राहिली, मागचा डावा कोपरा, जिथला ठोकळा मालकाने काढायला लावला होता, पाण्याखाली गेला. मालक पाण्यात उभा राहून त्या कोपऱ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "घाला तो परत."

डबा आणि पंप मिळून ती होडी कोरडी करायला दुपार गेली.